रोबोटच्या कपाळाला कुंकू

खोकं फाडलं म्हणून चाळिशी उलटलेल्या मुलाने आईवर ओरडावं? तेही खंडेनवमीच्या दिवशी?

बरं, नमस्कार चाळकऱ्यांनो.

आमचा सुहास जुन्या जपानी कार्टूनमधले रोबोट जमवतो. महागडे. पण खोक्यातून काढत नाही, कपाटात ठेवून नुसता बघत बसतो.

आज हत्यारांची पूजा. त्याचे बाबा गिरणीत मागाला झेंडूचा हार घालायचे. संपात गिरणी गेली, तेव्हापासून आमच्या पाटावर विळी आणि कात्री. आज म्हटलं, घरात एवढी यंत्रं आहेत तर एक मांडू. खोकं फाडलं, रोबोट उभा केला, हळदकुंकू लावलं.

सुहास आला तो ओरडतच. "आई, खोकं फाटलं की किंमत गेली ना गं!"

"मेल्या, बाबांनी माग खोक्यात ठेवला असता तर कापड कोणी विणलं असतं?"

सुहासने खाली बसून रोबोटचा हात वर केला, गुडघा वाकवला. संपाच्या वेळी गिरणीतल्या सुताच्या रिकाम्या बॉबिनी जोडून असाच खेळायचा. नैवेद्य निवला तरी पाटासमोरून हलेना. शेवटी स्वतःच म्हणाला, "आई, दुसरा पण काढू?"

उद्या दसरा. उरलेली खोकी फोडायची का? उत्तर फक्त आयांनी द्यायचं. किंमत सांगणाऱ्या बाप्यांनी गप्प बसायचं.