मामाजींचे फोटो

स्वतःच्या पोटाचे फोटो खिडकीला टांगून पाहुण्यांना दाखवणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. मामाजी अकोल्याच्या बाजारात कापूस पारखायचे. चिमटीत पुंजका धरून ओढला, की डोळे मिटून धाग्याची लांबी सांगत. एका व्यापाऱ्याने धागा मोजायचं यंत्र आणलं, तर मामाजींनी त्या यंत्रालाच विचारलं, "तुले बोटं हायेत काय रे?" माल हलका निघाला तर मात्र चारचौघांत चकार शब्द काढत नसत. पुंजका शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ हलकेच मिटत. तो बिचारा समजून जायचा.

साठी उलटली आणि मामाजींची लघवी अडू लागली. झालं! जन्मभर यंत्रांना हिणवणारा हा गृहस्थ एक्स-रेच्या प्रेमात पडला. पहिला फोटो अकोल्यात, दुसरा अमरावतीत, तिसरा नसेत औषध टोचून. "अकोल्याचा जरा काळा हाय, पण साफ. अमरावतीवाल्यानं हाडं पाहा कशी मोकळी केली, सरकी काढल्यावानी!" पाहुण्याला चहाच्या आधी फोटो. शेजारच्या काकूंना त्यांनी आपलं मूत्राशय दाखवलं, त्या दिवसापासून काकू मागच्या गल्लीने जाऊ लागल्या. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणत, "देवाइपेक्षा याइच्या हाडाचेच फोटू जास्त झाले घरात, माय!"

अमरावतीच्या डॉक्टरांनी मात्र तिन्ही फोटो बाजूला सारले. "लघवी अडवणारी ही प्रोस्टेटची ग्रंथी यात दिसतच नाही. कॅन्सर असला तर हाडात उतरल्यावर दिसेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. मला मागच्या बाजूने बोट घालून तपासू द्या." मामाजी धोतर सावरत ताडकन उठले. "बोट? काहून? मशीन बिघडली काय तुमची?" आणि थेट मोटार स्टँड! मी धापा टाकत मागे. अकोल्याची गाडी लागलेली, मामाजींचा एक पाय पायरीवर. मी ओरडलो, "मामाजी, यंत्राला बोटं आहेत काय, असं कोण विचारायचं?"

पाय पायरीवरच थांबला. कंडक्टरने घंटी मारली, मामाजींनी पाय खाली घेतला, गाडी निघून गेली. "पक्के निघाले तुमी तं, जावईबुवा," एवढंच म्हणून ते माघारी वळले.

पडद्याआडून त्यांचा आवाज आला, "खरी पारख सांगा, डॉक्टरसाहेब. आपल्याले चालते." डॉक्टरांच्या बोटाला टणक गाठ लागली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, आणि मामाजी आम्हाला आणखी तीन वर्षं मिळाले. काय वर्षं होती ती! "तीन फोटू हरले, एक बोट जिंकलं," ही कथा ते इतकी साग्रसंगीत सांगत, की पाहुण्यांच्या हातातला चहा निवून जाई.

मग पाठ दुखू लागली. चौथा फोटो मीच आणून दिला. गादीवर बसून, खिडकीकडे धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मी उसनं हसत विचारलं, "कसा आलाय? अमरावतीच्या तोडीचा?"

गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून त्यांनी कापसाचा पुंजका ओढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ हलकेच मिटली.