उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही

ब्रेकसरांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत होतं तेही ते वापरत नसत. सरांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की तो दाबायचा. सरांनी तो इतका दाबला की निवृत्त झाल्यावरही त्यांचा उजवा पाय काही निवृत्त झाला नाही. टीव्हीवर कुणी गाडी जोरात वळवली की पाय समोरची सतरंजी दाबायचा. शेजारीण जिना भरभर उतरताना दिसली तरी दाबायचा.

सरांचे नियम पुष्कळ होते, पण त्यातले दोन त्यांच्या शिष्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. पहिला, उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही. गाडी जरा हलू द्यायची, मग फिरवायचं. नाहीतर टायर रस्त्यावर खरवडतात आणि सगळ्या सांध्यांवर ताण येतो. हा नियम मोडणाऱ्याकडे सर अशा नजरेने बघायचे, जणू त्याने सरांच्या आईचा अपमान केलाय. दुसरा नियम वयस्कर मंडळींसाठी होता. ज्या दिवशी स्टिअरिंग हाताला जड वाटेल, त्या दिवशी चावी खुंटीला लावायची. तिथे वाद नाही, सबब नाही.

हा दुसरा नियम त्यांनी घरातच लावून दाखवला होता. त्यांच्या बायकोचे थोरले भाऊ, सगळ्यांचे दादा, पेशाने शिंपी. कपडे शिवणं बंद केल्यावर त्यांचा एकच शौक उरला होता. रविवारी आपली जुनी गाडी काढायची, गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं आणि गळ टाकून संध्याकाळपर्यंत बसायचं. मासे फारसे लागत नसत, पण त्याबद्दल दादांची तक्रार नव्हती. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता ते सहज बोलून गेले, "अलीकडे स्टिअरिंग जरा जड लागतं बुवा." झालं! सरांनी घास खाली ठेवला, हात पुढे केला आणि म्हणाले, "दादा, चावी." दादांनी थोडी हुज्जत घातली, मग दिली. तळ्यावर बस जात नाही. त्यामुळे तळंही गेलं.

आणि आता सरांचं स्वतःचं स्टिअरिंग जड झालं.

सुरुवातीला त्यांनी तिकडे काणाडोळा केला. मोठ्या रस्त्यावर तसं बरं असायचं. गाडी लावताना, गल्लीत वळवताना मात्र चाक अडून बसायचं, आणि सरांना ओठ चावून ते ओढावं लागायचं. गाडी म्हातारी होती, पण सरांच्या मते तिला काही होणं शक्यच नव्हतं, कारण तिची देखभाल ते स्वतः करत होते. राहता राहिले कोण? हात. सत्तरी जवळ आलीच होती. नियम त्यांनीच केलेला, दादांवर त्यांनीच चालवलेला. आता आपली चावी आपणच मागायची आणि आपणच द्यायची, या विचाराने त्यांची झोप उडाली.

मग सुरू झाली लपवाछपवी. सर लांबच्या मोकळ्या जागेत गाडी लावून दुकानापर्यंत पायपीट करू लागले. "चालणं चांगलं असतं," असं न विचारता सांगू लागले. न्हाणीघरात दार लावून पाण्याच्या दोन बाटल्या वर-खाली करायचे आणि धापा टाकत बाहेर यायचे. खांद्यांना मलम इतकं चोपडायचे की घराचा दवाखाना झाला होता. मुलीने एकदा म्हटलं, "बाबा, आज माझी गाडी चालवून बघा ना." तर सर म्हणाले, "दुसऱ्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश." ती चालवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

सरांची बायको निवृत्त नर्स. हॉस्पिटलात सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे, आणि सरही चिडले की सिस्टरच म्हणायचे. पेशंटची लपवाछपवी ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. मलमाचा वास पहिल्याच दिवशी त्यांच्या नाकात शिरला होता. पण त्या गप्प राहिल्या. कुठल्या पेशंटला कधी बोलतं करायचं, हे त्यांना बरोबर कळायचं.

शेवटी एका रविवारी सकाळी सर बादली आणि फडकं घेऊन गाडीपाशी गेले आणि ती आतून-बाहेरून पुसायला लागले. सिस्टर मागोमाग आल्या.

"कुठे लग्नाला निघालीय का गाडी?"

"विकतोय," सर गाडीच्या छताकडे बघत म्हणाले.

"का?"

"गाडी काय, ठेवून ठेवून किती दिवस ठेवायची?"

"मी गाडीबद्दल विचारत नाही. हातांना काय झालंय ते सांगा."

सरांनी फडकं पिळलं. आधीच कोरडं होतं, तरी पिळलं. मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. स्टिअरिंग, खांदे, बाटल्या, नियम. "दादांची चावी काढून घेतली मी. आता स्वतःची ठेवली तर कुठल्या तोंडाने जेवायला बसू त्यांच्याबरोबर?"

सिस्टरांनी आपली दोन बोटं पुढे केली. "दाबा."

"काय?"

"दाबा म्हणते ना. जोरात."

सरांनी दाबली. सिस्टर केकाटल्या. "अहो, सोडा! मोडायचीत का?" बोटं झटकत त्या म्हणाल्या, "हे हात गेलेत? काल लोणच्याच्या बरणीचं झाकण कोणी उघडलं? माझ्याने हललं नव्हतं."

"बरणी वेगळी, गाडी वेगळी."

"बघू तरी." आणि सिस्टर सरळ चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. उभ्या आयुष्यात त्या तिथे एकदाच बसल्या होत्या, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तो धडा फाटकापर्यंतच टिकला आणि अबोला पुढे आठवडाभर. सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाने बायकोला शिकवलं नाही, यावर लोक हसायचे. दोघं म्हणायचे, म्हणूनच तर संसार टिकला.

सिस्टरांनी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि जोर लावला.

"अगं, अगं! उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही!" सरांचा पाय जमिनीवर दाबला गेला.

"फिरतंय कुठे? धोंडा आहे नुसता."

"इंजिन बंद आहे ना! चालू झालं की पंप जोर लावतो, मग हलकं होतं. काही माहीत नसताना उगाच..."

"मग करा चालू."

सर पुटपुटत खिडकीतून वाकले आणि चावी फिरवली. इंजिन घरघरलं. सिस्टरांनी पुन्हा जोर लावला. वॉर्डातल्या धिप्पाड माणसांना कुशीवर वळवलेले हात होते ते. चाक कुरकुरत कसंबसं चार बोटं सरकलं.

"तितकंच जड आहे," त्या म्हणाल्या.

"असं कसं असेल?"

"मला काय विचारता? बंद असताना धोंडा, चालू असतानाही धोंडा. मग पंपाने जोर लावला कुठे? तुम्ही हे कधी करून बघितलं नाहीत?"

सर बघणार कधी? उभ्या गाडीत चाक फिरवायला त्यांच्या घरात बंदी होती. जी तपासणी कुठलाही नवशिका खेळता खेळता करून मोकळा झाला असता, ती सरांच्या हातून आयुष्यात होणं शक्य नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं.

"म्हणजे... हात नाही? गाडीच बिघडलीय?"

"दिसतंय तरी तसंच."

"गाडी बिघडलीय!" सर ओरडले. समोरच्या गच्चीवरचे शेजारी डोकावले. स्वतःची गाडी बिघडल्यावर इतका खूश झालेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

"नाचू नका. आधी नीट आठवा," सिस्टर म्हणाल्या. "त्रास सुरू कधी झाला? त्या सुमाराला आणखी काय बदललं? मला विचाराल तर, गाडी वळताना किंचाळायची ना, ती किंचाळेनाशी झाली. पूर्वी कोपऱ्यावर किंचाळली की मी चहा टाकायचे. आता तुम्ही दारात उभे राहता तेव्हा कळतं."

सर लाल झाले.

कारण ते किंचाळणं त्यांनीच बंद केलं होतं. शेजाऱ्यांची तक्रार आली, तेव्हा इंजिन बंद करून त्यांनी स्टिअरिंगच्या पंपाच्या पट्ट्यावर अंगाचा साबण घासला होता. जुन्या चालकांची युक्ती. आवाज त्याच मिनिटाला गेला. चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा साबण. सर त्यावर इतके खूश होते की ती वडी त्यांनी गाडीतच ठेवून दिली होती.

इंजिन बंद करून त्यांनी बॉनेट उघडलं. पट्टा आरशासारखा गुळगुळीत झाला होता, आणि अंगठ्याने दाबला तर पायजम्याच्या नाडीसारखा खाली गेला. पंपाचं चक्र फिरवायचं सोडून तो त्यावरून नुसता घसरत होता.

"पट्टा ओरडून सांगत होता, मी सैल झालोय, मी सैल झालोय," सिस्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याच्या तोंडाला साबण लावलात."

सरांचा एक जुना शिष्य जवळच गॅरेज चालवायचा. त्याने दुपारपर्यंत नवा पट्टा ताणून बसवला, स्टिअरिंगच्या डबीतलं तेल खुणेपर्यंत भरलं, आणि "सर, साबण बहुतेक आंघोळीला वापरतात," एवढं बोलून घेतलं. गुरूला बोलायची संधी पुन्हा थोडीच येणार होती! सरांनी गाडी गल्लीत घातली, वळवली, मागे घेतली, पुन्हा वळवली. एका हाताने. हात सलामत होते.

पण घरी येताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. सिस्टरांनी चहा पुढे ठेवला. सरांनी तो उचलला नाही.

"दादांच्या गाडीचं बॉनेट," ते म्हणाले, "मी उघडलंच नव्हतं."

त्यांना खरोखर लाज वाटत होती, आणि लाज वाटायची त्यांना सवय नव्हती. सिस्टरांनी तो चहा तसाच मोरीत ओतला आणि पायात चपला घातल्या. "चला."

दादांची गाडी घरामागे जुन्या ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्रीवर पाचोळा, पाचोळ्यावर मांजर. दादा पायजम्यात बाहेर आले. सरांनी ताडपत्री सारून बॉनेट उघडलं आणि आत पाहिलं. पंपाचं चक्र उघडं पडलेलं. पट्टा नव्हताच, त्याचं तुटकं शेपूट तेवढं खाली एका पाइपात अडकून लोंबत होतं.

"दादा," सर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना तीनदा सुरू करावं लागलं. "तुमचे हात ठीक होते. पट्टा तुटला होता. मी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. चूक माझी."

दादा त्या शेपटाकडे बघत राहिले. मग आपल्या हातांकडे.

"दोन वर्षं," ते म्हणाले, "मी भाजीची पिशवीसुद्धा एका हातात घेतली नाही. म्हटलं, हात गेलेत आपले. गळ देऊन टाकला कुणाला तरी."

सिस्टरांनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की सर मांजराच्या बाजूला सरकले.

सरांनी बोलावल्यावर गॅरेजवाला आला. पट्टा घातला, वाळलेल्या डबीत तेल ओतलं, सरांच्या गाडीवरून वायर लावून बॅटरीत जीव घातला. सरांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेली चावी फिरवली, तशी गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. मग उतरून त्यांनी अदबीने दार उघडून दिलं, आणि दादा आत बसले. शेजारी सर बसले, शिकवणाऱ्याच्या जागी, सवयीने.

दादांनी चाकावर एक बोट ठेवलं. चाक फिरलं. त्यांनी ते डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गाडी जागची हलली नव्हती. खाली टायर फरशीवर करकर खरवडत होते, आणि सरांचा उजवा पाय ताठ होऊन पुढच्या पत्र्याला टेकला होता. दादांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

बऱ्याच वेळाने दादांनी वळून पाहिलं. "काय सर? गाडी उभी आहे. काही म्हणणार नाही?"

सरांनी पाय पत्र्यावरून काढून घेतला.

"फिरवा, दादा," ते म्हणाले. "हवं तेवढं फिरवा."