नागपूरला निघालेल्याला विचारायचं नाही

पुतणीला नागपूरच्या एका संशोधन संस्थेतून पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. अकराच्या आत फाटकावर हजर व्हायचं, उशीर झाल्यास प्रवेश नाही, असं पत्रात होतं. पत्राच्या शेवटी संस्थेत येण्याचा मार्ग दिला होता: विमानतळावरून आणि रेल्वे स्थानकावरून. आमच्या झरी जामणीकडून एसटीने येणाऱ्यासाठी काही नव्हतं. नागपूरची मला माहिती, म्हणून सोबत जायचं माझ्यावर आलं. तिचे वडील, म्हणजे माझे मोठे भाऊ, स्वतःहून निघाले.

अडचण तिथून सुरू झाली. आमच्याकडे कामाला निघालेल्याला ‘कुठं’ म्हणून विचारत नाहीत. कुणी विचारलंच, तर खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. भाऊ हे कसोशीने पाळतात.

पांढरकवड्याच्या बसस्थानकावर ओळखीच्या पानवाल्याने हाक मारली, “कुठी चाल्ले जी सकाळीच?”

भाऊ फलाटावर बसले. मुलीलाही बसवलं. पाणी पिऊन होईपर्यंत नागपूरची गाडी सुटली.

“बाबा, गाडी गेली ना!”

“जाऊ दे. टोकल्यावर काम होत नाही.”

“अन् फाटक बंद झाल्यावर होते?”

भाऊंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. ती पुढे भांडली नाही. दुसऱ्या गाडीत कंडक्टर जवळ येताच, त्याने तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, “नागपूर, तीन.” नागपूरला उतरल्यावर ऑटोवाले धावत आले. तिने लांबूनच संस्थेचं नाव ओरडून सांगितलं.

“ताई, सवारी मी शोधू का तुम्ही?” एक ऑटोवाला हसला. तोवर ती आत बसली होती.

वाटेत पुलाचं काम सुरू होतं. ऑटो वळसा घालून गेला. फाटकाशी पोहोचलो तेव्हा अकराला जेमतेम काही मिनिटं होती. मी पैसे देत होतो. रखवालदाराने हात आडवा केला.

“कहां जाना है?”

भाऊ तिथेच, रस्त्याच्या कडेला, खाली बसायला वाकले. तिने त्यांचा दंड धरून त्यांना नीट बसवलं.

“माझ्या वाटचंही तुम्हीच प्या, बाबा. मी चालली.”

तिने पत्र दाखवलं, सही केली आणि मागे न बघता आत गेली. भाऊंनी घोटभर पाणी घेतलं, झाकण लावलं. मग पुन्हा उघडून आणखी एक घोट घेतला.