विहिरीतला भिजलेला दोर

वसंताचं विमान कॅप्टन समजतो त्यापेक्षा खाली असेल, हा विचार पत्र आल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

वसंता, माझा मुलगा, मालवाहू विमानावर दुय्यम वैमानिक आहे. हिवाळ्यात ते डोंगरातल्या एका विमानतळावर ढगातून, नुसत्या काट्यांवर नजर ठेवून उतरतात. त्याने लिहिलंय, कडाक्याच्या थंडीत हवा आकसते आणि उंचीचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. पाच हजार फूट दाखवले तरी विमान तीनशे फूट खालीच असतं. म्हणून किती फूट जास्त वर राहायचं ते त्याने तक्त्यावरून काढलं आणि तो कागद कॅप्टनपुढे धरला.

कॅप्टन म्हणाला, "जालनेकर, थंडी तुला वाजते, काट्याला नाही."

सगळे हसले. वसंताने कागद खिशात घातला. 'मोठे आहेत, काय बोलणार', एवढं लिहून खाली माझ्या गुडघ्यांची चौकशी.

मी बी.एस्सी. आहे, बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. हवेचं मला कुणी समजावायला नको. संताप येतो तो त्या 'काय बोलणार'चा. ते मीच त्याला शिकवलं.

तो दहा वर्षांचा होता. थोरले दीर साहेबराव गाठी मारलेला सुती दोर सोडून विहिरीतलं पाणी मोजत होते. "चौदा हात," ते म्हणाले.

"काका, दोर भिजून आटलाय. गाठी जवळ आल्यात. पाणी कमी आहे."

"लई शहाणा झाला का रे? तू जन्मायच्या आधीपासून मोजून राह्यलो मी."

आमच्या घरात थोरल्यांना चारचौघांत चूक म्हणत नाहीत. मी वसंताचा कान धरून त्याला त्यांच्या पायावर घातलं. त्याचं खरं आहे, हे मला तेव्हाच कळत होतं. त्या उन्हाळ्यात पाणी पंधरा दिवस आधीच संपलं. दोराचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

आज संध्याकाळी पत्र वाचून हे म्हणाले, "कॅप्टन बराबर बघत असंल. तू कशाला जीव जाळून राह्यली?"

"तुमचे भाऊही बराबरच मोजत होते," मी म्हणाले. ते उठून बाहेर गेले.

परवा पहाटे त्याचं उड्डाण आहे. उद्या पोस्ट उघडलं की ट्रंककॉल लावीन. स्वतःला जप म्हणून सांगायला नव्हे. विहिरीवर तुझंच बराबर होतं, हे आधी सांगेन. मग सांगेन, तो कागद बाहेर काढ, चारचौघांत बोल, आणि ऐकलं नाही तर विमानात चढू नकोस.