सकाळचा आकडा

माझा धाकटा भाऊ सोलर सेल बनवतो. छपरावरच्या जाड काचेचे नव्हेत. केसाहूनही कितीतरी पातळ थराचे, एक दिवस कागदासारखे छापता येतील, तंबूवरही चिकटवता येतील असे. घरात आम्ही त्याला शास्त्रज्ञबुवा म्हणतो. बाबा जन्मभर शिंपी. ते म्हणायचे, "इतकं पातळ कापड शिवायचं कशानं रे?"

बुवांचा नखाएवढा सेल झकास चालतो. तळहाताएवढा केला की घोडं पेंड खातं. थर सगळीकडे सारखा बसत नाही, जरा दमट हवा लागली की पिवळा पडतो. नव्याचे नऊ दिवस, हा त्या सेलचा स्वभावच. त्यात आणखी एक खोड. दिवसभर चाचणीच्या दिव्याखाली थकलेला सेल रात्री अंधारात थोडा सावरतो आणि सकाळी मोजला तर ठणठणीत वाटतो. म्हणून हा विद्यार्थ्यांवर खेकसायचा, "सकाळचा आकडा लबाड असतो. संध्याकाळी मोजा."

बाबांचं हृदय थकलं तेव्हा त्यांची सगळी उस्तवार माझ्याकडे आली. भाऊ सकाळी त्यांच्याजवळ चहा घ्यायचा. बाबा दाढी करून, उशीला टेकून गप्पा मारायचे. हा खुशीत प्रयोगशाळेत जायचा, तो थेट बाबा झोपल्यावरच परतायचा. दुपार कलली की बाबांचे पाय सुजत, एक वाक्य पुरं करताना दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत.

मी त्याला रजा घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, अगं ताई, मी रोज बघतोय, सुधारताहेत ते. मोठ्या सेलची चाचणी अर्ध्यावर आहे, ती संपली की महिनाभर घरीच. मी तोंडाची फटकळ, नको ते बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी बाबांनाच म्हटलं, तुम्ही सांगा त्याला. ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले.

"नको. इतक्या वर्षांनी त्याचं काहीतरी जमतंय. मी सकाळपुरता दम राखून ठेवतो."

त्यानंतर रोज सकाळी ते हसायला लागले की मी कपबशा उचलून आत जायचे.

बाबा एका संध्याकाळी गेले, माझ्या हातात हात ठेवून. भाऊ धावत आला तेव्हा सगळं संपलं होतं. तो दारातच थांबला.

"सकाळी तर किती छान बोलले गं," तो म्हणाला. स्वतःचेच शब्द त्याला ऐकू आले असावेत.

"मी पोरांवर वर्षानुवर्षं हेच ओरडतोय, ताई."

मला त्याचा इतके दिवस राग होता. तो राग कुठे गेला कोण जाणे. मी सरकून त्याला बाबांच्या उशाशी जागा करून दिली.