आधी नाव घ्यायचं

आमच्या काकीच्या गाऊनच्या खिशात कायम सुक्या बोंबलाचे तुकडे असायचे. कळव्याच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्या वासाने भरून जायची आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई नाकाला ओढणी लावायच्या. काकी त्यांना हसून सांगायची, "माझ्यासाठी नाही हो, ब्रूनोच्या शाळेचा खाऊ आहे."

ब्रूनो म्हणजे माझ्या चुलतभावाने, निनादने, हौसेने आणलेला लॅब्राडोर. पिल्लाचे दुधाचे दात पडायच्या आत निनाद नोकरीसाठी बंगळूरला चालता झाला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारायची ब्रूनोला सवय. सोसायटीत तक्रार झाली, तेव्हा काकांनी जाहीर केलं, "गणपतीपर्यंत शहाणा झाला तर राहील, नाहीतर देऊन टाकणार." आणि पेपर उघडला. शहाणा कोणी करायचा, हे विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

कॉलेजची सगळी वर्षं मी त्या घरात काढली. "पाणी!" "चहा!" "टॉवेल!" एवढंच काका बोलायचे. वस्तूचं नाव घ्यायचे, माणसाचं नाही. निनादनेही तेच उचललं. दारावरच्या पाटीवर बापलेकांची नावं. काकीचं नाव मी त्या घरात कोणाच्या तोंडून ऐकलंच नाही. मला त्याचा तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

काकी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली आणि रोज सकाळी गच्चीवर ब्रूनोला शिकवायला लागली. "आधी नाव घ्यायचं," ती मला समजावायची. "मग थांबायचं. त्याने आपल्याकडे बघितलं की मगच सांगायचं. आणि ऐकलं की लगेच शाबास म्हणायचं, उधारी नाही." ती "ब्रूनो" म्हणायची, थांबायची, मग हळूच "बस". तो बसला की "शाबास रे माझ्या राजा!" आणि बोंबलाचा तुकडा. ते बघताना मला आधी हसू यायचं आणि मागोमाग चीड. या बाईच्या पुरणपोळीला "वेलची जास्त झाली" यापलीकडे कोणी कधी काही म्हटलं नव्हतं.

घरात मात्र मी "सिट" म्हणायचे, काका "बैठ" म्हणायचे आणि ब्रूनो दोघांकडे बघत उभा राहायचा. एक दिवस काकीने आम्हाला दोघांनाही झापलं. "ज्याला त्याच्याशी बोलायचंय त्याने माझ्यासारखं बोलायचं. आणि एकदाच. दहादा ओरडलात की त्याला वाटतं, नऊदा ऐकायचं नसतं." नवल म्हणजे काकांनी ऐकलं. सोफ्यावर बसल्या बसल्या ते "ब्रूनो..." म्हणून थांबायचे, तो बघेपर्यंत वाट बघायचे. कुत्र्याचं नाव किती लाडाने घ्यायचे!

गणपतीत घर माणसांनी भरलं. मोदकांचं ताट नाकासमोरून गेलं तरी ब्रूनो काकीने दाखवलेल्या कोपऱ्यातून हलला नाही, कोणाच्या अंगावर गेला नाही. काका पाहुण्यांना सांगत होते, "आम्ही ट्रेन केलाय." आम्ही म्हणे! काकी आत मोदक उकडत होती.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला काकी ठाकुर्लीला भावाकडे गेली आणि संध्याकाळी परत आली, तर ब्रूनो नव्हता. नव्या सोफ्याला केस लागतात म्हणून काकांनी तो शहापूरच्या एका मित्राच्या फार्महाउसवर देऊन टाकला होता. मी बाहेरून घरी पोचले तेव्हा ते सांगत होते, "तिकडे मोकळा राहील. आणि काय शहाण्यासारखा गेला! नाव घेतलं, 'चढ' म्हटलं, की चढून बसला गाडीत. काही त्रास नाही."

काकी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. तिचा एक हात सवयीने साडीलाच गाऊनचा खिसा शोधत होता. काकांना वाटलं, विषय संपला.

"पाणी!" ते म्हणाले.

काकी हलली नाही.

"अगं, पाणी! ऐकू येत नाही का?"

"आधी नाव घ्यायचं," काकी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालंय हिला?" मग काका स्वतःच उठून स्वयंपाकघरात गेले. तीनचार कपाटं उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. मग आतून विचारलं, "पेले कुठे असतात?" काकीने सांगितलं नाही.

त्यानंतर ते स्वतःचं पाणी स्वतः घ्यायला लागले, पण नाव घेतलं नाही. इतका हट्ट!

गेल्या वर्षी काकी ठाण्याला हॉस्पिटलात होती, शेवटचे दिवस होते, शुद्ध नव्हती. काका कॉटशी वाकून म्हणाले, "सुलभा."

कोणाला हाक मारतायत, हे क्षणभर मला कळलंच नाही. मग ते थांबले. अगदी तिने शिकवलं होतं तसे, ती बघेल म्हणून थांबले. काकीने बघितलं नाही.

नातेवाईक अजून म्हणतात, बिचारे काका, किती खचलेत. मला नाही त्यांची दया येत. नाव घ्यायला येत होतं त्यांना. पहिल्यापासून येत होतं.