चाचाची नक्कल अन् नवी ड्रायव्हिंग प्लेट

त्या दिवशी माही दहाच्या दहा बोटं राह्यली, हे मले अजून खरं वाटत नाही.

ढाणकीच्या एका वर्कशॉपात मी लेथवर काम करतो. मालक म्हणजे चाचा. आयटीआय झाल्यापासून त्यांच्याच हाताखाली, अन् गिऱ्हाइकांपुढं त्यांची नक्कल करणं हा माहा जोडधंदा. सोयाबीनच्या सीझनात चाचा म्हणाले, "थ्रेशरचा शाफ्ट दोन सेंटरात धरून मापात उतरव. जमला तं ही लेथ तुही."

दोन सेंटरात, म्हणजे दोन टोकांच्या सुळ्यांत, धरलेला शाफ्ट आपोआप फिरत नाही. लेथच्या तोंडावरच्या आट्यांवर एक जाड प्लेट फिरवून बसवा लागते, ती शाफ्टले ओढून फिरवते. आमची प्लेट तडकलेली. मंग भंगारातल्या बिडाच्या पुलीतून मी नवी बनवली. आत आटे पाडले, खाच कापली. चाचांनी बोट फिरवून पाह्यलं अन् प्लेट परत माह्या हाती देली. म्हणजे पास.

शाफ्टच्या टोकाले आटे पाडायचे होते. दर फेरीले मशीन बंद करून उलटी फिरवा लागते, तवा हत्यार मागं येते. चाचा बंदचं बटण दाबत, तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकत, मान झटकत अन् फाटकन दांडी उलटी मारत. माही सगळ्यात हिट नक्कल हीच. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसून होते. मी बटण दाबलं, तिथंच थू केलं, मान झटकली, दांडी मारली.

ते हसले. अन् माही प्लेट गरगर आटे सोडत बाहेर आली. शाफ्ट सेंटरातून निसटला, प्लेटीसकट खाली आदळला. माह्या हातापासून वीतभर. प्लेटीचे दोन तुकडे झाले, एक घसरत बाकाखाली गेला. गिऱ्हाइकं पाय वर घेऊन बसले.

चाचा पांढरेफटक. ओरडले नाही. हळूच म्हणाले, "थुंकायले मी कुठं जातो बे?"

"दाराशी."

"तवर काय होते?"

मी बाकाखालचा तुकडा पाहू लागलो.

"मशीन पुरी थांबते, बेटा. फिरत्या मशीनले उलटं मारलं तं प्लेट सुटतेच."

दारापर्यंतचं ते चालणं मी रोज पाहत होतो. त्याले कोणी हसत नाही, म्हणून नक्कलेतून काढून टाकलं होतं.

"दुसरी प्लेट बनव. तवर लेथ माही," चाचा म्हणाले. मंग त्यांनी रिकामी मशीन चालू केली. "आता कर माही नक्कल. पुरी."

मी बटण दाबलं. दाराशी गेलो, थुंकलो, परत आलो. मशीन थांबलेली होती. बाकावरचं कोणी हसलं नाही.

"पुन्हा," चाचा म्हणाले.